बिनपरवाना श्रमिक आणि अमेरिकेचा खजिना

श्रमाच्या अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून अमेरिकेतील मराठी मंडळींत बसलो, की एक तक्रार मला हटकून ऐकावी लागते: दस्तऐवजांवाचून त्या देशात राहणारे लोक कर बुडवितात, सरकारी मदतीवर जगतात आणि स्थानिक मजुराच्या तोंडचा घास काढून घेतात. रीतसर परवान्यासाठी वर्षानुवर्षे तिष्ठत राहिलेल्या माणसाला या लोकांचा राग यावा, हे मी समजू शकतो. परंतु राग रास्त असला, म्हणून रागाच्या भरात मांडलेला हिशेबही खरा ठरतो असे नाही. शिवाय मुदत संपलेल्या व्हिसावर मागे राहिलेले भारतीयही या लोकांत आहेत, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

प्रथम कराचा प्रश्न. रोखीने, वहीबाहेर मजुरी घेणारे पुष्कळ आहेत. तथापि दुसऱ्याच्या किंवा बनावट सोशल सिक्युरिटी क्रमांकावर नोकरीस लागलेल्या कामगाराच्या वेतनातून निवृत्तिवेतनासाठी 6.2 टक्के आणि वृद्धांच्या वैद्यकीय विम्यासाठी 1.45 टक्के रक्कम वेतन हाती पडण्यापूर्वीच कापली जाते व तेवढीच भर मालकास घालावी लागते. नाव आणि क्रमांक यांचा मेळ बसला नाही, म्हणजे त्या कमाईची नोंद सरकारी दफ्तरात एका निराळ्या खात्यावर पडून राहते. पैसा मात्र निधीत जमा होतो, आणि ज्याने तो घाम गाळून मिळविला, त्याला बहुधा वार्धक्यात त्यावर हक्क सांगता येत नाही. या मार्गाने 2010 या एका वर्षात निधीस निव्वळ सुमारे 12 अब्ज डॉलरचा लाभ झाला, असा अंदाज सोशल सिक्युरिटी विभागाच्याच प्रमुख विमागणितज्ञाने 2013 मध्ये नमूद केला.

सरकारी मदतीची गोष्टही अशीच आहे. अन्नसाहाय्य, रोख मदत किंवा तातडीच्या उपचारांपलीकडील मेडिकेड (गरिबांसाठीची वैद्यकीय योजना) या केंद्रीय योजनांची दारे या लोकांना बंद असून 1996 च्या कायद्याने ती अधिकच घट्ट लावली आहेत. मुलांना सरकारी शाळेत प्रवेश (सर्वोच्च न्यायालयाचा 1982 चा निर्णय) आणि संकटसमयी रुग्णालयात उपचार (1986 चा कायदा) यांसारख्या मोजक्या गोष्टी त्यांना मिळतात. खर्च यातही आहेच, आणि तो मुख्यतः राज्यांवर व स्थानिक संस्थांवर पडतो, तर वेतनातील कपात केंद्राच्या निधीत जाते. खरा विवाद या वाटणीचा आहे.

राहिला मजुरीचा प्रश्न. परके मजूर गेल्याने स्थानिकांची मजुरी वाढते का, यासाठी एक जुना दाखला पाहण्याजोगा आहे. 1942 पासून करारान्वये शेतीवर येणारे मेक्सिकन ‘ब्रासेरो’ मजूर रीतसर परवान्याने येत. त्यांना मज्जाव केल्यास स्थानिकांची मजुरी वाढेल, या आशेने 1964 अखेर ती योजना बंद करण्यात आली. क्लेमेन्स, लुईस व पोस्टेल या संशोधकांनी पुढे राज्याराज्यांतील मजुरीचे दर ताडून पाहिले, तेव्हा ज्या राज्यांनी हे मजूर गमावले तेथे मजुरी अधिक वेगाने वाढल्याचे आढळले नाही. कॅलिफोर्नियातील टोमॅटोच्या बागायतदारांनी डेव्हिस येथील विद्यापीठात तयार झालेले काढणीयंत्र आणि त्याचा मार सोसणारे टणक वाण स्वीकारले. मजूर दुर्मीळ झाला, तरी मजुरी वाढविण्याखेरीज अन्य वाटा मालकास मोकळ्या असतात.

कोणाला राहू द्यावे आणि कोणाला परत पाठवावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, आणि तो बजावताना त्याने कठोर व्हावे की उदार, यावर मतभेद राहणारच. परंतु ज्याच्या मजुरीतून महसूल वसूल केला, त्याला फुकटखाऊ म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.