डिट्टो

'रोज मरे त्याला कोण रडे' ही माझ्या आजीची आवडती म्हण. तिचा खरा अर्थ मात्र मला हॉस्टेलच्या बोअरच्या मोटारीने शिकवला.

मित्रांनो, गेल्या वर्षी 'कमवा आणि शिका' योजनेत मला पंपाचं लॉगबुक भरायचं काम होतं. रोज सकाळी पॅनेलवरचं व्होल्टेज आणि करंट बघायचा, वहीत लिहायचा. बस्स! पहिले पंधरा दिवस इमानेइतबारे गेलो. ५ एचपीची मोटार, करंट ८ अँपिअर. रोज तेच. मग खोलीत बसूनच डिट्टोच्या खुणा मारू लागलो. मार्चमध्ये ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप व्हायला लागला. रिलेच बिघडला असं ठरवून मी स्क्रू-ड्रायव्हरने त्याचं सेटिंग वाढवून टाकलं. इंजिनिअर ना आम्ही! आठवड्याने मोटार जळाली.

तीन दिवस पाणी नाही. उन्हात पोरं बादल्या घेऊन टँकरमागे. सगळ्यांनी व्होल्टेजला शिव्या दिल्या, मीही मान डोलावली. मिस्त्री एवढंच म्हणाला, "करंट बरेच दिवस वाढत असणार. कुणी बघितला नाही का?"

त्याच आठवड्यात माझा सेमिनार होता, 'आदित्य-एल१' यानावर. २ सप्टेंबर २०२३ चं उड्डाण, पुण्याच्या आयुकाने घडवलेली 'सूट' दुर्बीण, सूर्याचे फोटो, असं सगळं झकास सांगायचं ठरवलं होतं. वाचताना कळलं की खरं काम त्यानंतरचं आहे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, एल१ बिंदूभोवती एक फेरी सुमारे १७८ दिवसांची. ती कक्षा अस्थिर, म्हणून पहिल्या फेरीत २२ फेब्रुवारी, ७ जून आणि २ जुलै २०२४ ला छोटे धक्के देऊन यान मार्गावर ठेवलं. बाकी दिवस काय? बॅटरी, तापमान, इंधनटाकीचा दाब, जायरो यांचे आकडे बघत राहायचं. तिथे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोण जाणार?

पुढे 'सोहो' यानाची हकिकत आली. तेही एल१ जवळचंच. २५ जून १९९८ ला नेहमीच्या कामातच त्याचा संपर्क तुटला. चौकशीत निघालं की चालू जायरो बिघडलेला समजून बंद केला गेला होता. यान भरकटलं, टाकीतलं इंधन गोठलं. ३ ऑगस्टला क्षीण संकेत मिळाला, आणि कित्येक आठवड्यांच्या खटपटीनंतर ते पुन्हा सूर्याकडे वळलं. वाचता वाचता मला घाम फुटला. चांगला जायरो बंद केला. चांगला रिले गप्प केला. फरक काय?

आपल्या तुळजापुरात देवीचं पहाटे चरणतीर्थ होतं, रात्री प्रक्षाळ होते. 'काल झालंच होतं की' म्हणून आज कुणी चुकवत नाही. एवढं डोळ्यांसमोर असून मी डिट्टो मारत बसलो!

सेमिनार संपल्यावर रेक्टर सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग नवी वही पुढे सरकवून म्हणाले, "उद्यापासून वेळही लिहायची." तुम्हाला मात्र आजच सांगतोय. त्या तीन दिवसांच्या बादल्या माझ्यामुळे होत्या. माफ करा.

आज सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी करंट ७.९ होता. काल ८.१ होता.