गार काटा

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कानावर पडलेला शब्द कुठून आला हे बघत बसायची खोड त्यामुळेच लागली असावी. गॅरेजवाल्यांच्या तोंडचा ‘अर्थ’ हा असाच एक शब्द. “बाजी, अर्थ लागत नाहीये,” असं आमचे उस्ताद म्हणाले, तेव्हा मराठीच्या बाईला हसू येणारच. त्यांना म्हणायचं होतं, विजेला बॅटरीकडे परत जायला वाट मिळत नाहीये. इंग्रजीतल्या ‘जमीन’ या अर्थाच्या शब्दाचा गॅरेजात ‘अर्थ’ झाला. गाडीच्या बाबतीत जमिनीचा काही संबंधही नसतो, चाकं रबराची. बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते आणि ते लोखंड म्हणजेच अर्थ. दिवा असो, हॉर्न असो, वीज एका तारेने येते आणि या लोखंडातून परत जाते. ही परतीची वाट कुणाला दिसत नाही, म्हणून ती तपासायचं कुणाला सुचतही नाही.

आमच्या घरी अब्बा मरहूमांच्या वेळची पेट्रोल जीप आहे. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत अमेरिकन विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे त्या इथेच बनू लागल्या, त्याच घराण्यातली ही. गाडी दणकट, पण पेट्रोल पिणारी. अब्बांच्या पश्चात भाईजानने ठरवलं की विकायची नाही, डिझेल इंजिन बसवायचं. आपल्या मराठवाड्यात हे काही नवल नाही. जुन्या जीपच्या पोटात डिझेल इंजिन बसवणारे हात तालुक्यातालुक्याला होते, अजूनही आहेत. उलटून भंगारात निघालेल्या एका महिंद्राचं इंजिन मिळालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि आरसी बुकात तशी नोंद करावी लागते. नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करते. या कामासाठी भाईजानने आरटीओत जे खेटे घातले, त्यावर वेगळा लेख होईल.

इंजिन बसलं, गिअर बसले, गाडी धावली. अडलं ते एका छोट्या गोष्टीपाशी. डॅशबोर्डवर पाण्याची उष्णता दाखवणारा काटा जुन्या जीपचा होता. काट्याला खबर देणारा सेन्सर इंजिनात पाण्याच्या वाटेवर बसवावा लागतो. बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू ती. काटा आणि सेन्सर यांची जोडी ठरलेली असते. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या काट्याला लावला तर काटा काहीही दाखवतो. जुना सेन्सर नव्या इंजिनाच्या भोकात बसेना, आटे वेगळे. मग उस्तादांनी तोड काढली. इंजिनातून रेडिएटरकडे गरम पाणी नेणारा वरचा रबरी पाइप मधोमध कापला, त्यात ॲल्युमिनियमची नळी बसवली आणि नळीला भोक पाडून सेन्सर आवळला. तोड चांगलीच होती. अशी तयार नळी बाजारातही मिळते.

पण इथे एक गोम आहे. एका तारेचा सेन्सर इंजिनात थेट आवळला, की त्याला अर्थ आपोआप मिळतो, कारण त्याचं अंगच लोखंडाला टेकलेलं असतं. रबरी पाइपातल्या नळीला मात्र दोन्ही बाजूंनी रबर. ती अधांतरी. तिला वेगळी तार जोडूनच अर्थ द्यावा लागतो. उस्तादांना हे ठाऊक होतं. त्यांनी नळीपासून एक बारीक तार काढली आणि समोरच्या जाळीच्या पत्र्याला स्क्रूने आवळली. तो पत्रा नुकताच रंगवलेला. पण काटा हलला, सगळे खूश झाले.

एक पावसाळा गेला. काटा हळूहळू खाली राहायला लागला. रात्री तर अगदीच खाली. “रात्रीच्या गारव्यात इंजिन थंड चालतं,” असं भाईजान कौतुकाने सांगायचा. सगळ्यांना पटायचंही. गाडी तापत नाही, यापेक्षा चांगली बातमी कुठली?

अम्मीला दर महिन्याला हृदयाच्या तपासणीसाठी सोलापूरला न्यावं लागतं. मे महिन्यातली गोष्ट. दुपारी परत येताना तामलवाडी मागे पडली आणि तुळजापूरचा घाट लागला. बालाघाटच्या डोंगरावर चढणारा हा रस्ता गाडीचा दम बघतो. पुढे भाईजान आणि त्याची मुलगी, मागे अम्मी आणि मी. भाची तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. अर्ध्या घाटात तिने मान वळवून विचारलं, “फुप्पी, गोडसर वास येतोय का?” कूलंटचा वास गोडसर असतो. काटा तेव्हा पाव हिश्शावरही नव्हता. भाईजानने तिकडे बोट दाखवलं, म्हणाला, “गार आहे गाडी.” ती म्हणाली, “अब्बा, काट्याचं राहू द्या, बाजूला घ्या.”

तो थांबला म्हणून बरं. बोनेट उघडल्यावर जो फुसकारा ऐकला तो अजून कानात आहे. रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू दिलं नाही. ते कुकरसारखंच. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण उघडलं की एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला होतो, सावली म्हणून एक बाभूळ. अम्मीची दुपारची गोळी पर्समध्ये होती, प्यायचं पाणी मात्र गाडीच्या आतल्यासारखंच गरम. आणखी दोन वळणं चढलो असतो तर हेडचं गॅसकेट तरी जळालं असतं किंवा हेडला तडा गेला असता आणि त्या उन्हात अम्मीला घेऊन आम्ही कुणाला हात दाखवत उभे राहिलो असतो, हे मी अम्मीसमोर बोलले नाही. तिला कळलं नसेल असं मात्र नाही.

उस्तादांचं निदान सरळ होतं, सेन्सर गेला. दुसरा घातला, काटा तसाच. तिसरा मागवायचं चाललं होतं. भाचीने एका रविवारी वडिलांकडून परवानगी मागितली. ती सहज मिळाली नाही, मोहल्ल्यात बोनेटखाली वाकलेली मुलगी हा विषय होताच. शेवटी अम्मीच म्हणाली, “बघू दे तिला, मला बसायचंय त्या गाडीत.”

तिने केलं ते असं. चावी फिरवून सेन्सरवरची तार काढली आणि क्षणभर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला टेकवली. काटा सरसर वर, शेवटच्या रेघेपर्यंत. म्हणजे काटा आणि तार दोन्ही ठीक. मग तीच तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. पुन्हा शेवटपर्यंत. म्हणजे इंजिनाचा अर्थही ठीक. मग तार त्या ॲल्युमिनियमच्या नळीला टेकवली. काटा पाव हिश्शापर्यंत गेला आणि अडला. दोष नळी आणि बॅटरी यांच्यामध्ये आहे, एवढं तिथेच ठरलं. सेन्सरचा प्रश्नच नव्हता. जाळीवरचा स्क्रू सोडला तर त्याच्याखाली रंग, रंगाखाली गंज. जाळीचा पत्रा ज्या बोल्टांनी खाली आवळला होता, त्यांचीही तीच गत.

मला यातलं जे कळून घ्यायचं होतं ते वेगळंच. अर्थ नीट नसेल तर काटा मरायला हवा किंवा वेडावाकडा उडायला हवा. तो शहाण्यासारखा ‘गार आहे’ का सांगत होता? भाचीने जुना सेन्सर, मीटर आणि थर्मामीटर घेऊन हे आमच्या शाळेत आठवीच्या मुलांपुढेच करून दाखवलं. सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात धरला. पाणी साधं असताना मीटरवर साडेपाचशे ओहमच्या आसपास. जसं तापत गेलं तसा आकडा उतरत गेला, उकळीला चाळीसच्या आसपास. म्हणजे या सेन्सरची भाषा उलटी आहे. विजेला अडथळा जास्त, तर पाणी गार. अडथळा कमी, तर पाणी गरम. आता वाटेत गंज आला की अडथळा वाढतो. थंडीनेही अडथळा वाढतो. काट्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून गंजलेला अर्थ नेहमी गारच दाखवतो. रात्रीचं कोडंही त्यातच सुटलं. हेडलाइटचा अर्थ त्याच जाळीच्या पत्र्याला होता. दिवे लावले की त्यांची वीज त्याच गंजलेल्या वाटेने परत निघायची, गर्दी व्हायची आणि काटा आणखी उतरायचा. गारव्याचा काही संबंध नव्हता.

(थर्मामीटर उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णवच्या जवळ थांबला. “बाई, बिघडलाय,” मुलं ओरडली. बिघडला नव्हता. आपला धाराशिव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. विज्ञानाच्या सरांना त्या दिवशी माझ्या तासाचा हेवा वाटला.)

दुरुस्ती सांगायलाच नको इतकी साधी. नळीपासून जाड तार, तिच्या टोकाला तांब्याची कडी, ती इंजिनाच्या बोल्टखाली. आधी तिथलं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत घासलं, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. जाळीकडून चेसिसलाही एक तार. खर्च घरच्या चहाएवढा. ज्यांच्या घरी नवीन इंजिन बसवलेली गाडी आहे त्यांना भाचीचं आणखी एक सांगणं. सेन्सर दोन तारांचा असेल आणि त्या इंजिनाच्या संगणकाकडे जात असतील, तर ‘अर्थच तर आहे’ म्हणून त्यातली एक चेसिसला जोडू नका. संगणकाला परतीची तार थेट स्वतःकडे हवी असते. चेसिसवर पंखा, दिवे सगळ्यांची वीज वाहते आणि तिथला थोडासा फरकही त्याला खोटं तापमान सांगतो. आणि कुठलाही सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पाणी गळून गेलं आणि तो वाफेत राहिला, तरी काटा खालीच.

उस्तादांनी सगळं पाहिलं, स्क्रू हातात घेऊन उन्हात धरला आणि “रंग खरवडायला हवा होता” एवढंच म्हणाले. पुढच्या गाडीला त्यांनी तार थेट इंजिनाला दिली, हे भाईजाननेच येऊन सांगितलं.

जूनमध्ये पुन्हा सोलापूर. आता घाटात काटा पाऊण हिश्शापर्यंत चढला आणि भाईजान घाबरला, इतक्या वर त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. दोनदा थांबला. म्हणाला, “आधी बरी होती गाडी.” मग रेडिएटर उतरवला, तेव्हा खरं दुखणं सापडलं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरलेलं, नळ्यांमध्ये पांढरा चुना इतका की निम्म्या बंद. आपल्या जिल्ह्यात चहाच्या पातेल्याला जो थर चढतो तोच. रेडिएटर साफ करून आणला, कूलंट आणि शुद्ध पाणी भरलं. आता काटा मधल्या रेघेच्या थोडा खाली असतो, घाटात तिच्यावर जातो, उतरणीला परत येतो. अम्मी मागच्या सीटवरून विचारते, “कुठे आहे गं?” आणि भाची सांगते.