दोन मिलिमीटरनं काय होतंय?

"अहो, दोन मिलिमीटरनं काय होतंय? वायसर टाकला की झाकून जातंय!"

हे म्हणणारा माणूस भोसरीतल्या एका शेडचा मालक. दिवसभर मोटारींचे सुटे भाग करतो. तिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तर अख्खा लॉट परत येतो, हे त्याला कुणी शिकवायला नको. पण माझं काम पडलं वस्तऱ्याच्या मुठीचं. म्हणजे त्याच्या लेखी खेळणं.

जुन्या वस्तऱ्यांना नव्या मुठी करणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरलं की एखादं शेफिल्डचं किंवा झोलिंगेनचं पातं हाती लागतं. पोलाद खणखणीत, मुठीची मात्र वाट लागलेली. त्यात सेल्युलॉइडची मूठ असली तर विचारूच नका. ती कुजायला लागली की तिच्यातून सुटणाऱ्या वाफांनी पातंही गंजतं. सलूनवाल्यांच्या हाती ब्लेड बदलायचा वस्तरा आल्याला जमाना झाला. आता खरा वस्तरा वापरतात ते हौशी लोक, आणि हौशी माणूस नजरेला फार चिकित्सक असतो.

असेच एक निवृत्त गृहस्थ वेड अँड बुचरचं पाऊण इंच रुंद पातं घेऊन आले. त्यांना मूठ शिंगाचीच हवी होती. उत्तर प्रदेशातल्या संभलहून मागवलेलं म्हशीचं शिंग माझ्याकडे होतं. एकाच शिंगातून निघालेल्या दोन पट्ट्या, काळ्याभोर, मधून मधाच्या रंगाची एक रेघ आणि दोन्हींवर ती समोरासमोर येणारी. असा जोड पुन्हा मिळत नाही. घरच्या हातमशीननं पात्याच्या रिपिटाचं भोक तिरकं जायची भीती, म्हणून म्हटलं, शेडमध्ये उभं ड्रिल आहे, तिथे देऊ. दोन्ही पट्ट्या दुहेरी टेपनं एकमेकींना चिकटवल्या, बाहेरच्या दोन्ही अंगांवर पंच मारून दिला आणि सांगितलं, "सुट्या करू नका, एकत्रच पाडा."

त्यांनी सुट्या केल्या. वाईसमध्ये जोडी सरकत होती म्हणे. मशीनवरचा पोरगा "खाली लाकूड घेऊन एकत्रच धरतो" म्हणत होता. मालक म्हणाला, टाइम घालवू नको. हे त्या पोरानंच मला नंतर गेटपाशी येऊन सांगितलं. वरच्या पट्टीचं भोक नेमकं होतं, मागच्या पट्टीचं दोन मिलिमीटर पुढे, पाचरीच्या दिशेनं सरकलेलं.

आता यानं काय होतं ते सांगतो, कारण तिथे मला सांगू दिलं नाही. वस्तऱ्याला दोन रिपिटं असतात. एकाभोवती पातं फिरतं, दुसरं मुठीच्या टोकाला पाचर धरून ठेवतं. ही पाचर जुन्या शेफिल्डच्या मुठींत बरेचदा शिशाची असते. दोन पट्ट्यांमधली भोकं समोरासमोर नसली की रिपिटाची तार तिरकी बसते. तार तिरकी तर पातं तिरकं. वस्तरा मिटताना धार मधल्या फटीत न जाता एका पट्टीच्या आतल्या अंगाला घासते. पथरीवर तास घालून काढलेली धार एकदा मिटली-उघडली की गेली! दोन्ही भोकं सारखीच पुढे सरकली तर पात्याचं टोक पाचरीवर आपटतं. भोक मुठीच्या खालच्या कडेकडे गेलं तर मिटलेल्या मुठीतूनही धार बाहेर डोकावते, आणि खिशात हात घालणाऱ्याचं बोट जातं. गळ्यावर चालणाऱ्या हत्याराला दोन मिलिमीटर कमी आहेत का?

व्हर्निअर मागितलं तर मालक हसला. "शिंगाला व्हर्निअर?" मग म्हणाला, माझी खूणच चुकली असेल. खुणेचा पंच मागच्या पट्टीवर भोकाशेजारी तसाच स्वच्छ दिसत होता, तो त्याच्या नाकासमोर धरला. त्यावर त्यानं कानस पुढे केली. भोक लांबट करा म्हणे. लांबट भोकात तार हलते, तार हलली की पातं डुगडुगतं. वर मजुरी मागितली. मी दिली, कारण तो पोरगा तिथेच खाली मान घालून उभा होता आणि ती त्याच्या पगारातून कापली जाईल असं मला वाटलं. कदाचित कापलीही असती. माझा राग अजून गेलेला नाही.

मुठीला आकार देण्याआधी भोकं पाडली तर बाह्यरेषा थोडी सरकवून चूक पोटात घालता येते. हे मी नव्यानं करू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पण पात्याची ठेवण बघूनच आकार ठरवायची त्या गृहस्थांची अट होती, त्यामुळे आकार आधीच कापलेला.

उरला एकच मार्ग, बूच. शिंगाचा भुसा अराल्डाइटमध्ये कालवून भोक भरायचं, ही सगळ्यात सोपी युक्ती. उरलेल्या तुकड्यावर करून पाहिली. वाळल्यावर तो भुसा मूळ शिंगापेक्षा गडद होतो, पॉलिशही घेत नाही. मुठीवर माशी बसल्यासारखा डाग. शिंगाचाच तुकडा घालायचा तर तोही कसाही चालत नाही. शिंगाचे थर पट्टीच्या दिशेनं जातात. काडीसारखा आडवा कापलेला तुकडा घातला तर थरांची टोकं वर येतात आणि उजेडात गोल चकती उठून दिसते. म्हणून त्याच शिंगाच्या उरलेल्या पट्टीतून पट्टीचा पृष्ठभाग वर राहील असा कण कापला, खिळ्याच्या डोक्यावर तात्पुरता चिकटवला, हातमशीनमध्ये फिरवत कानशीवर गोल केला. जळलेल्या केसांचा वास घरभर. बायकोनं खिडक्या उघडल्या, शब्द बोलली नाही. चुकलेलं भोक तीन मिलिमीटरचं करून त्यात बूच बसवलं आणि रात्रभर दाबून ठेवलं.

खरी परीक्षा पुढे. नवं भोक बूच आणि मूळ शिंगाच्या सांध्यावरच येतं. बिटला तिथे मऊ वाट सापडली की ते जुन्या भोकाकडे घसरतं. म्हणून दोन्ही पट्ट्या घट्ट बांधल्या आणि वरच्या पट्टीच्या नेमक्या भोकात पितळी नळीचा तुकडा घालून त्यातून आधी एक मिलिमीटरचं बिट सावकाश खाली उतरवलं. बरोबर भोकच चुकलेल्या भोकाचा वाटाड्या झालं. मग नवं भोक एक-सोळांश इंचाचं केलं, पितळेची तार घातली, वायसर बसवले आणि बॉल-पीन हातोडीनं टकटक रिपिट मारलं. पातं मधोमध मिटलं.

पाच मिलिमीटरच्या वायसरखालून बुचाची एक मिलिमीटरची कोर मात्र बाहेर राहिली. मोठा वायसर टाकला असता तर झाकली असती, पण मग मूठ पेटीच्या कडीसारखी भोंगळ दिसली असती आणि शेडवाल्याचंच खरं झालं असतं. तेवढ्यासाठी मी टाकला नाही, हे खरं. नाजूक कामात दुरुस्ती दिसता कामा नये, हा माझा आग्रह. पितळेचे ठिपके जडवून चूक म्हणजे नक्षीच होती असं भासवणाऱ्यांना मी नावं ठेवत आलोय.

गृहस्थ आले. मी सगळं सांगितलं, पैसे कमी करतो म्हटलं. त्यांनी भिंग मागितलं, मागची पट्टी उजेडात धरली, कोर पाहिली आणि म्हणाले, "वा! दुसऱ्या बाजूलाही करून द्या ना."

धडधाकट शिंगाला भोक पाडून बुजवायचं? मी साफ नाही म्हणालो. पूर्ण पैसे ठेवून ते वस्तरा घेऊन गेले. आता त्यांच्या एका मित्राचा फोन आलाय, त्यालाही "चंद्रकोरवाली" मूठ हवी आहे. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा दुसऱ्या एका पट्टीवर वायसर ठेवून, कोर कुठून छान दिसेल ते पेन्सिलनं आखून बघत बसलो होतो.