टक वाजलं पाहिजे!

मास कॉम केलं, पुण्यात सहा वर्षं एकटी राहिले, चार फ्लॅट बदलले. थोडक्यात काय, आपण एकदम इंडिपेंडंट! हा गोड गैरसमज गेल्या नोव्हेंबरात परभणीच्या घरी एका सकाळी संपला. चहा अर्धवट उकळला आणि गॅस गेला.

बाबा गेल्यापासून दादाचा एकच धोशा, घर विकून आईला पुण्याला आणू. आई म्हणे, मी इथंच राहणार. पण बँक, पेन्शन, तिकिटं सगळं बाबा बघायचे. मग तिला ‘ट्रेन’ करायला महिनाभर माझी रवानगी झाली. (फ्रीलान्सर म्हणजे रिकामटेकडी, हे घरच्यांचं ठाम मत!)

आणि आता ही ट्रेनर सिलिंडरसमोर मख्ख उभी. पुण्यात हे काम कायम रूममेटनं केलेलं.

‘‘काय करायलीस एवढा वेळ?’’ आई आली. शेगडी बंद, देवघरातला दिवा शांत. ‘‘दोरी ओढून झाकण काढ. आत रबरी रिंग आहे का बघ. आता रेग्युलेटरची खालची रिंग वर उचल, बसव, दाब, सोड. टक वाजलं पाहिजे.’’

चौथ्या प्रयत्नात वाजलं. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. नळीवरची तारीखही तिनं दाखवली, पाच वर्षांनी बदलायची असते म्हणे. गळतीसाठी १९०६ हा नंबर असतो, एवढी एकच भर मी घातली. तिनं तो लगेच कॅलेंडरवर लिहिला.

आमच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचं कॉलेज होतं, आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात. बारावीनंतर आईनं ते सुचवलं तेव्हा मी खो खो हसले होते. असो.

दुपारी माझा क्लास. स्टेशन रोडचं एटीएम. आईची बोटं थरथरत होती. मागचा माणूस वैतागून म्हणाला, ‘‘मावशी, द्या इकडं, मी काढून देतो.’’

‘‘थांबा की दादा, शिकायले मी.’’

पाचशेची नोट आली. तिनं दोनदा उलटून पाहिली. बाहेर आल्यावर मी पिन विचारला, तर म्हणाली, ‘‘तूच म्हणलीस ना कुणाला सांगू नको? मग तुला तरी काहून सांगू?’’

राहिला हयातीचा दाखला. बाबा पोस्टात होते, त्यांच्या फॅमिली पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’मुळे ते डिजिटल झालंय, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. आईनं पदर नीट केला, चष्मा काढला, पुन्हा लावला. दोनदा फेल. तिसऱ्यांदा मला खोलीबाहेर काढलं. पाच मिनिटांनी हाक आली, ‘‘झालं गं!’’

रात्री दादाचा फोन. ‘‘मग, कधी येतेय ती?’’

मी फोन आईला दिला.

‘‘संक्रांतीला येते,’’ आई म्हणाली. ‘‘परतीचं तिकीट मात्र आत्ताच काढून ठेव.’’