वॅट, वायर आणि कपिलधारचा भोंगा

कपिलधार,
कार्तिक पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज ऐन यात्रेत आला. ‘स्पीकरला सोन्याचा मुलामा दिलेली वायर घेतोय, आवाज खुलतो म्हणतात. घेऊ का?’ मी तेव्हा मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन एका दगडावर भाकरी सोडून बसलो होतो. बोटं ठेच्यात, म्हणून उत्तर राहिलं. आता सांगतो : घेऊ नकोस. का, ते कालच्या प्रसंगावरून कळेल.

मांजरसुंब्याकडून आलं की डोंगर कसे अंगाशी येतात नि देऊळ कसं खोल घळीत दिसतं, ते तू विसरला नसशील. काल तिथं दिंड्यांची दाटी. मराठवाडा तर झालाच, कर्नाटक-तेलंगणातलेही लोक. एका मांडवात शिवकीर्तन चाललेलं. महाराजांचा गळा खणखणीत, भोंगे कानठळ्या बसवणारे, पण मागं बसलेल्या बायांना शब्द काही लागेना. ‘आवाज वाढवा की!’ असा गलका झाला. साउंडवाल्या पोरानं बटण फिरवलं, तशी भोंग्यानं कुईऽऽ करून अशी शिट्टी मारली की मृदंगवाल्याचा हात थांबला.

मग त्याचा म्हातारा बाप उठला. माईक महाराजांच्या तोंडापासून हातभर लांब होता, तो चार बोटांवर आणला. कड्याकडं तोंड करून बांधलेला भोंगा सोडवून माणसांकडं वळवला आणि थोडा खाली झुकवला. शेवटी आवाज चक्क कमी केला! मागच्या रांगेतल्या आजीबाईंनी कानावरचा हात काढून मांडीवर ठेवला. शब्द पोचला होता.

यात जादू काही नाही. माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की माईकला मिळणारा आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो. भोंग्याकडून परत येणारा मात्र आहे तेवढाच राहतो, म्हणून मशीनचा आवाज कमी करता येतो आणि शिट्टी थांबते. कड्याचं गणित आणखी सोपं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर धावतो. कडा 34 मीटरवर असेल, तर जाऊन परत यायला 0.2 सेकंद. तोवर महाराज पुढच्या अक्षरावर गेलेले असतात आणि मागचं अक्षर त्याच्या उरावर येऊन बसतं. तू आवाज वाढव, कडाही वाढवणार!

मी म्हाताऱ्याला विचारलं, ‘मशीन किती वॅटचं?’ तो म्हणाला, ‘आधी माणसं कुठं बसलीत ते बघायचं, मास्तर. वॅट मागून.’

मला माझी फजिती आठवली. कॉलेज संपल्यावर पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला होता, आठवतो? खोक्यावर ठळक अक्षरांत ‘1000 वॅट पीएमपीओ’. घरी आणून लावला, तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू येईना. तो आकडा म्हणजे क्षणभराच्या उसळीचा, तोही कागदावरचा. सलग मिळणारी ताकद, म्हणजे आरएमएस, त्याच्या आसपासही नसते. आणि खरे वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल, जेमतेम जाणवण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. उलट त्या म्हाताऱ्याचा भोंगा एका वॅटवर मीटरभर अंतरावर शंभरावर डेसिबल देतो, तुझ्या दिवाणखान्यातला सुबक डबा पंच्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. म्हणून भोंगा थोड्या वॅटवर गाव जागं करतो. पण मृदंगाची धुम त्याला पेलत नाही. तो बोलण्यासाठीच घडवलाय. तेव्हा नुसत्या वॅटवरून चांगला-वाईट ठरवायचं नसतं.

आता तुझी वायर. सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. वीज वाहून नेण्यात चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं त्यांच्या मागं. टोकाला मुलामा असला तर बिघडत नाही, पण त्यानं गाणं गोड होत नाही. अंतर लांब असेल तर जाड तांब्याची साधी वायर घे, झालं. ‘दोनशे तास वाजवल्यावर स्पीकर उमलतो’ असं तुला कुणी सांगितलं असेल, तर बहुतेक उमलतो तो आपला कान. नव्या चपलेची सवय होते तसंच. आणि गाण्यांच्या त्या 192 किलोहर्ट्झच्या महागड्या फायली? साध्या सीडीतच 44.1 किलोहर्ट्झनं नमुने घेतलेले असतात, त्यात जवळजवळ 22,000 हर्ट्झपर्यंतचा सूर मावतो. तरण्या कानाची धाव 20,000. तुझ्या-माझ्या वयाला त्यातले वरचे बरेच मजले कधीच रिकामे झालेत, लेका.

दुकानदाराची एक खोड मात्र ओळखून ठेव. महाग माल तो किंचित मोठ्यानं वाजवतो. दोन सारख्याच आवाजांत जो जरासा मोठा, तोच आपल्याला ‘खुललेला’ वाटतो. आपण मान डोलावतो आणि पाकीट काढतो.

त्यापेक्षा असं कर. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढं घे, घुमणारा बेस आवरेल. उघड्या लाकडी जमिनीवर जाड सतरंजी टाक. तुझं ते न्यू जर्सीचं काचेचं घर म्हणजे आपली घळच आहे, आवाज भिंतीभिंतीवर आपटत फिरत असणार. मग मित्राकडून ती सोन्याची वायर चार दिवस उसनी आण. वहिनींना स्पीकरमागं बसव. मनाला येईल तशी कधी जुनी, कधी नवी वायर जोडू दे, बटणाला हात न लावता. तू पाठ करून बस आणि दहा वेळा सांग, कुठली लागली ते. पाचाच्या आसपास बरोबर आलं, तर तो छापा-काटा, वायरचा गुण नव्हे.

निकाल कळव. पण वहिनींच्या हस्ताक्षरात. तुझ्या कानावर माझा विश्वास आहे, तुझ्या तोंडावर नाही.

तुझाच,
भाकरी-ठेच्याचा सोबती