सोमवारची हवा आणि ५८ पैसे

परवा फोनवर 'चला हवा येऊ द्या'ची एक जुनी क्लिप आली. भारत गणेशपुरे आणि सागर कारंडे. हसलो, आणि मग फोन बाजूला ठेवून दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. २०१६ चा उन्हाळा आठवला. लांब आहे, पण लिहून टाकतो.

बी.ए. दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी गावी आलो होतो. आमचं गाव जंगलाला लागून. उन्हाळ्यात आमच्याकडे कामं दोनच. रोहयो नाहीतर तेंदूपत्ता. मी आणि माझा एक मित्र (नाव लिहीत नाही, वाचलं तर शिव्या देईल) एप्रिलच्या शेवटी मामा तलावाच्या गाळावर लागलो. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. आपल्या पूर्व विदर्भाचा धान या तलावांवर उभा आहे.

सहाला कामावर, कारण अकरानंतर ऊन टाळू फोडायचं. त्या वर्षी महाराष्ट्रात मजुरीचा दर दिवसाला १९२ रुपये होता. माप भरलं तर.

सोमवारी रात्री साडेनऊला मी त्याच्या घरी. नियमच. जिओ यायला अजून चार-पाच महिने होते, फोनवर व्हिडिओ पाहायची आपली ऐपत नव्हती. त्याच्याकडे टीव्ही होता, रिचार्जवाली छत्री होती. मंगळवारीही कार्यक्रम असायचा, पण त्या दिवशी आठवडी बाजार. तो काकासोबत भाजी विकायला जायचा. म्हणून आमचा सोमवारच. अंगणात खाट, टीव्ही दाराच्या आत, आणि मावशीने केलेले लाखोळीच्या डाळीचे वडे. लाइट गेली की शिव्या, आली की टाळ्या.

गणेशपुरे बोलायला लागले की मित्र खाटेवरून पडायचा बाकी राहायचा. पण एकदा हसता हसता म्हणाला, "आपली बोली टीव्हीवर हासवासाठीच आणतेत का बे? कलेक्टर कधी असा बोलताना दाखवला का?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आजही माझ्याकडे नाही. ऑफिसात गेलो की मी स्वतःच 'मला', 'तुला' करायला लागतो.

मावशीला मात्र पोस्टमन आवडायचा. सगळा गोंधळ संपल्यावर सागर कारंडे पत्र वाचायचा ना, तो. तेव्हा ती हातातलं काम सोडून दाराशी येऊन उभी राहायची.

मे संपत आला. तीन हजेरीपट बंद झाले, खात्यात एक रुपया नाही. मित्र दर दोन दिवसांनी पासबुक घेऊन बँकेत जायचा आणि तसाच परत. मग एका सोमवारी मी गेलो तर टीव्हीवर नुसती रिचार्ज संपल्याची पाटी.

"आज मीच दाखवतो," तो म्हणाला. डोक्याला दुपट्टा गुंडाळला की मजूर, काढला की साहेब. शेजारची चार माणसं जमली.

"साहेब, मजुरी?"

"वरून निघाली."

"मंग कोठं हाय?"

"रस्त्यात हाय."

"पायदळ येऊन राहिली का?"

लोक हसून बेजार. मग त्याने खरा मुद्दा काढला. कायदा असा होता की हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे. १६ व्या दिवसापासून उशिराची भरपाई, दररोज ०.०५ टक्के. आम्ही दुपारीच हिशोब केला होता. सहा दिवसांचे ११५२ रुपये. त्यावर दिवसाला जवळपास ५८ पैसे.

"साहेब, आठ आण्याचं नाणं त हाय. वरचे आठ पैसे कशात देता?"

"ते तू देशासाठी सोड."

सगळे हसले. मावशीही हसली. मग म्हणाली, "आता पत्र वाच."

तो गप्प. पत्र कुठून आणणार?

तीच म्हणाली, "मंग मी सांगतो. मृग लागून राहिला. बिजाईवाला उधार देत नाही. तुह्या बापानं कोनाले मागावं?" आणि आत गेली.

त्या रात्री आम्ही अर्ज लिहिला. दोन पानी. तीन हजेरीपटांच्या तारखा, दिवस, रक्कम, भरपाईचा हिशोब, आणि खाली अठरा जणांच्या सह्या, अंगठे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिला. पोच द्यायला तयार नव्हते. मित्र शांतपणे म्हणाला, "साहेब, पोच भेटली नाही त आम्ही इथंच बसून राहू. आमच्याकडे काम त नाहीच." तेच त्याच्या घरचं मराठी, एक अक्षर बदललं नाही. कोणी हसलं नाही. पोच मिळाली.

मजुरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तोवर काकानं सावकाराकडून पैसे उचलले होते. भरपाईचं म्हणाल तर माझ्या पासबुकात ती काही दिसली नाही. आमच्या अर्जामुळे पैसे आले की तसेही येणार होते, ते देव जाणे. पण पुढच्या वर्षीपासून आमच्या गावात काम मागताना लोक नमुना ४ भरून नमुना ५ ची तारखेची पावती मागून घ्यायला लागले. एवढं मात्र झालं.

मित्र त्याच दिवाळीनंतर हैदराबादला गेला, बांधकामावर. आता तिकडेच आहे. कधी सोमवारी फोन करतो. पहिलं वाक्य ठरलेलं, "आठ पैसे आले का बे?"

मला विचाराल तर एवढंच सांगतो. योजनेचं नाव काहीही असो, मागणी लेखी करा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि ऑफिसात आपल्याच बोलीत बोला. साहेबाला समजते. समजत नसेल तर समजून घेणं त्याचं काम आहे.