एका घरात दोन फोडण्या

मामंजींचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, त्याच संध्याकाळी आमच्या घरातला वनस्पती तुपाचा डबा मोलकरणीला देऊन टाकला गेला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्याच ताटात कमी तेलाची भाजी. मुलांनीसुद्धा कुरकुर केली नाही. घरातल्या कर्त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न, तक्रार कोण करणार? पुढे मामंजी वेगळ्याच आजारानं गेले आणि तर्रीची भाजी हळूहळू परत आली.

मी ज्या शाळेत अर्धा दिवस शिकवते, तिथे मागच्या वर्षी शिक्षकांची तपासणी झाली. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निघालं १६८. ते १०० च्या आत असलं तर उत्तम, १६० च्या वर गेलं की जास्तच. चांगलं, म्हणजे एचडीएल, बायकांचं ५० च्या वर हवं, माझं ४१. रात्री जेवताना हे सांगितलं, तर आमचे हे अगदी मायेनं म्हणाले, "मग तू तुझ्यापुरतं वेगळं करत जा ना."

मलाही ते बरोबरच वाटलं, हे कबूल करते. एक छोटी कढई काढली. सगळ्यांची भाजी मोठ्या कढईत, माझी चमचाभर तेलातली छोटीत. पण तुम्ही म्हणाल तेच झालं. मुलांनी टाकलेली दीड पुरी कुणाच्या पोटात जाणार? सायीचं तूप कढवल्यावर खाली राहिलेली बेरी साखर घालून कोण खाणार? टाकवत तर नाही! छोटी कढई घासायचा कंटाळा यायचा तो वेगळाच. अठरा दिवस टिकलं माझं पथ्य.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी थायरॉईड तपासायला लावलं. ते मंदावलं की कोलेस्टेरॉल चढतं, आणि बायकांत हे बरंच आढळतं. माझं ठीक होतं. मग विचारलं, "महिन्याला तेल किती?" पाच माणसांना पाच लिटरचा डबा. त्यांनी तिथेच हिशेब केला : माणशी रोज साडेसहा चहाचे चमचे. "चारवर आणा," म्हणाल्या. म्हणजे महिन्याला तीन लिटर.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्या तेलावर 'कोलेस्टेरॉल नाही' असं छापलेलं आहे. त्या हसल्या. कोलेस्टेरॉल असतं दुधात, अंड्यात, मांसात. कुठल्याच बियांच्या तेलात ते नसतं, मग त्यात कौतुक कसलं? आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं, आणि तूप, लोणी, साय, खोबरेल, पाम तेल यांतली घट्ट स्निग्धता ते रक्तात वाढवते. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारनं २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तरी खारी आणि नानकटाई रोज चहाबरोबर खायची वस्तू नव्हे.

नुसतं तेल कमी करून भागत नाही, हेही तिथेच कळलं. कडधान्यं, जव, ओट, भेंडी, पेरू, सफरचंद यांत पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा चोथा असतो. तो आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेतो, आणि नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. मी आता चार किलो गव्हात एक किलो जव घालून दळून आणते. पोळी जराशी जाड होते, पण चालते. मटकी, चवळी आलटूनपालटून रोज. शेंगदाण्यांना घाबरू नका, मूठभर खुशाल खा. जवसाची चटणी तर हवीच.

हे सगळं माझ्यापुरतंच राहिलं असतं. पण एक दिवस सासूबाई देवळातून आल्या आणि जिन्यात मध्येच बसल्या. पाठ भरून आली, दम लागला. "उपासाचा थकवा," म्हणाल्या. मी ऐकलं नाही. बायकांचं हृदयाचं दुखणं कधी कधी असंच येतं, छातीत कळ येतेच असं नाही. नेलं. कार्डिओग्राम ठीक होता, पण एलडीएल निघालं १९४. चौसष्टाव्या वर्षी पहिली तपासणी! पाळी गेल्यावर बायकांचं कोलेस्टेरॉल वाढतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मामंजींच्या प्रत्येक तपासणीला मात्र त्या बरोबर गेल्या होत्या, बाहेर बाकावर बसायला.

त्यांना गोळी सुरू झाली. एवढं पथ्यानं उतरत नाही, आणि बरं वाटतं म्हणून गोळी सोडायची नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. सोमवारची साबुदाण्याची खिचडी जाऊन राजगिऱ्याची भाकरी आणि भेंडीची भाजी आली, तीही त्यांच्याच सूचनेवरून. आणि एका संध्याकाळी पाहते तर माझी छोटी कढई माळ्यावर!

"दोन दोन फोडण्या कशाला?" त्या म्हणाल्या. "एकच कर, कमी तेलाची. ज्याला तर्री हवी त्यानं हॉटेलात जावं."

ह्यांनी काही न बोलता भाजी वाढून घेतली. मुलगा आठवडाभर रुसला, मग विसरला.

तीन महिन्यांनी माझं एलडीएल १४१ वर आलंय. अजून उतरायचं आहे. तूप महिन्यातून एकदा, थोडंसंच कढवते. बेरी मात्र अजून टाकवत नाही. आम्ही सासू-सुना ओट्याशी उभ्या राहून एकेक चमचा वाटून घेतो.